स्वतःला चावणारे मांजर : प्रस्तावना

पाळीव मांजर अंग चाटते, पंजा ओला करून तोंड पुसते, पोटावरचे केस दातांनी विंचरते आणि मधूनच एखाद्या जागी कुरतडल्यासारखे चावते. हे दृश्य घरात इतके सवयीचे असते की त्यात विकाराचा शिरकाव केव्हा झाला, हे घरच्या माणसांना बहुधा उशिरा कळते. पोटाखाली किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला केस आधी विरळ होतात आणि मग नाहीसे होतात, कातडी लालसर दिसू लागते, खपल्या धरतात, आणि काही मांजरांच्या बाबतीत हे प्रकरण शेपटीचे टोक किंवा पंजाची बोटे रक्तबंबाळ होईपर्यंत जाते. या वर्तनाचे कारण शोधणे आणि त्यावर उपचार करणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे, आणि त्यात पुढे येणारी सारी माहिती एका आग्रहाभोवती रचलेली आहे: ‘हे मानसिक आहे’ हा निष्कर्ष तपासणीच्या शेवटी काढायचा असतो, आरंभी नव्हे.

पशुवैद्यकात ज्याला अनिवार वर्तन म्हटले जाते, त्याचा अर्थ आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. जी कृती मुळात उपयोगाची असते, परंतु तिचे प्रयोजन संपल्यावरही पुनःपुन्हा घडत राहते, सहजासहजी थांबवता येत नाही आणि खाणे, झोप, खेळ यांच्या आड येऊ लागते, ती अनिवार कृती होय. माणसातील मंत्रचळाशी तिचे साम्य अनेकदा दाखवले जाते. परंतु मंत्रचळात मनात सतत घोळणारा विचार हा महत्त्वाचा भाग असतो आणि मांजराच्या मनात काय घोळते हे विचारण्याची काहीच सोय नाही, म्हणून या क्षेत्रातील सावध अभ्यासक विचाराविषयी मौन पाळतात आणि केवळ वर्तनाविषयी बोलतात. ही सावधगिरी वाचकानेही बाळगावी. मांजर ‘रुसले आहे’, ‘सूड घेते आहे’ किंवा ‘लक्ष वेधण्यासाठी करते आहे’ अशी स्पष्टीकरणे घराघरांत तत्परतेने दिली जातात. त्यांतून निदान होत नाही, फक्त तपासणी लांबणीवर पडते.

चाटणे हे मांजराच्या शरीररक्षणाचे साधन आहे, ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे. मांजराच्या जिभेवर मागच्या दिशेने वळलेले खरखरीत काटे असतात. त्यांची टोके पोकळ असून त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवली जाते, असे अमेरिकेतील अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. जीभ आणि दात मिळून मेलेले केस काढतात, उष्णतेच्या दिवसांत अंग थंड ठेवतात आणि पिसवा टिपतात. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट एकस्टाइन आणि बेंजामिन हार्ट यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिसवा असलेल्या घरातील काही मांजरांना गळ्याभोवती रुंद कॉलर बांधून चाटण्यापासून रोखले गेले, तेव्हा तीन आठवड्यांनी त्यांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या मानाने सुमारे दुप्पट पिसवा आढळल्या. तेव्हा एखादे मांजर प्रमाणाबाहेर चाटू किंवा चावू लागले, तर ते कशापासून बचाव करू पाहत आहे, हा पहिला प्रश्न ठरतो.

हा प्रश्न मागे पडण्याला एक इतिहास आहे. डच प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी 1940 च्या सुमारास अशी मांडणी केली की दोन परस्परविरोधी प्रेरणांच्या कात्रीत सापडलेला प्राणी अनेकदा तिसरीच, प्रसंगाशी संबंध नसलेली कृती करू लागतो. लढावे की पळावे हे न ठरलेला कोंबडा जमिनीवर दाणे नसतानाही चोच मारतो. मांजराच्या बाबतीत ही तिसरी कृती म्हणजे अंग चाटणे. उडी चुकून पडलेले किंवा दुसऱ्या मांजराने गुरकावल्यावर मागे सरलेले मांजर लगेच खांदा चाटू लागते, हे प्रत्येक मांजरपाळ्याने पाहिलेले असते. ही कल्पना खरी होती आणि उपयोगाचीही होती. मात्र तिच्या आधाराने पुढे पशुवैद्यकात ‘मानसजन्य केशलोप’, म्हणजे मनाच्या अस्वस्थतेमुळे चाटून चाटून केस जाणे, हे निदान रूढ झाले आणि ज्या मांजराच्या टकलाचे कारण सापडत नसे, त्याच्या कागदावर ते सर्रास लिहिले जाऊ लागले.

2006 साली स्टीफन वाइसग्लास, गॅरी लँड्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या सवयीला चाप लावला. मानसजन्य केशलोपाचा संशय घेऊन पाठवलेली 21 मांजरे त्यांनी नव्याने तपासली: त्वचेचे खरवडे, बुरशीची चाचणी, रक्त, त्वचेचा तुकडा, पिसवांवरील औषध आणि आहार बदलून पाहणे असा सगळा क्रम पार पाडला. निष्कर्ष असा निघाला की 16 मांजरांचे दुखणे पूर्णपणे शारीरिक होते, तिघांत शरीर आणि वर्तन दोन्हींचा वाटा होता, आणि निव्वळ अनिवार वर्तन म्हणावे अशी मांजरे दोनच निघाली. 12 मांजरांत अन्नाची प्रतिकूल प्रतिक्रिया हे एक कारण आढळले किंवा मानावे लागले. मांजरांची संख्या लहान आहे, आणि तिच्यावरून जगभरातील प्रमाण काढणे योग्य होणार नाही. पण आधीच ‘मानसिक’ ठरवून पाठवलेल्या मांजरांत हे घडले, ही बाब संख्येपेक्षा जास्त बोलकी आहे. या पुस्तकातील प्रकरणांचा क्रम, म्हणजे आधी त्वचा, मग वेदना, मग मज्जासंस्था आणि त्यानंतर वर्तन, याच कारणाने लावलेला आहे.

त्वचेच्या कारणांत पिसवांना पहिला मान द्यावा लागतो, आणि नेमक्या त्याच बाबतीत मालकाची समजूत सर्वाधिक चुकते. ‘आमच्या मांजराला पिसवा नाहीत, आम्ही पाहिले’ हे वाक्य पशुवैद्याच्या टेबलापाशी रोज ऐकू येते. परंतु चाटण्यात तरबेज असलेले मांजर पिसवा गिळून टाकते, त्यामुळे पुरावाच शिल्लक राहत नाही, आणि पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेल्या मांजराला दिवसाकाठी मोजके चावेही पुरतात. यावर एक साधी परीक्षा आहे. बारीक दातांच्या फणीने कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केस विंचरावेत, फणीला आलेली काळी कणी पांढऱ्या कागदावर झटकावी आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. कणीभोवती गंजासारखा तांबडा डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. डाग पसरला नाही तर ती बहुधा साधी धूळ होय. डाग न पसरणे म्हणजे मात्र पिसवा नाहीत असे नव्हे, आणि म्हणूनच घरातील सर्व जनावरांना सलग दोन-तीन महिने योग्य औषध देऊन पाहणे हा उपचारही असतो आणि निदानाचे साधनही. अंडी, अळ्या आणि कोश सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यांत असतात. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या दमट हवेत त्यांना वर्षातील बहुतेक काळ मानवतो.

केस गळतात की मांजर ते तोडते, याचाही निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. गळून आलेल्या किंवा नव्याने उगवणाऱ्या केसाचे टोक निमुळते असते, तर जिभेने आणि दातांनी तोडलेल्या केसाचे टोक भंगलेले दिसते. मांजर पलंगाखाली किंवा रात्री, कोणी पाहत नसताना चाटत असेल, तर घरची माणसे ‘ते चाटतच नाही’ असे शपथेवर सांगतात. अशा वेळी चार केस काचपट्टीवर ठेवले की वाद मिटतो. डोळ्यांनाही एक खूण दिसते: चाटून गेलेल्या भागाची कडा बरेचदा न्हाव्याने मशीन फिरवल्यासारखी असते आणि खालची कातडी पुष्कळदा निरोगी असते. बुरशीचा नायटा आणि सूक्ष्म किडे यांची तपासणीही याच टप्प्यावर करावी, कारण मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचा नायटा माणसांनाही होतो आणि घरात लहान मूल असेल तर उशीर परवडत नाही.

अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा शोध त्याहून चिकाटीचा आहे. त्यासाठी रक्ताची भरवशाची चाचणी नाही. जे प्रथिन मांजराने पूर्वी कधी खाल्लेले नाही त्याचे, किंवा ज्यातील प्रथिनांचे बारीक तुकडे करून ती ओळखू न येण्याजोगी केली आहेत अशा खास तयार अन्नाचे, किमान आठ आठवडे सेवन आणि त्यानंतर जुने अन्न पुन्हा देऊन पाहणे, एवढा एकच मार्ग आहे. मांजरांत गोमांस, मासे आणि कोंबडी हे सर्वाधिक आढळणारे अ‍ॅलर्जीकारक पदार्थ आहेत. कोकणात आणि गोव्यात ही माहिती पचायला जड जाते, कारण तिथे मांजर आणि मासा यांचे नाते निसर्गनियमासारखे मानले जाते. मांजर जन्मापासून बांगडाच खात आले आहे, मग आता त्याचा त्रास कसा होईल, असा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर असे की अ‍ॅलर्जी परिचित अन्नाचीच होते, वर्षानुवर्षांच्या सेवनानंतरही होते. हा प्रयोग फसतो तो बहुधा विज्ञानामुळे नव्हे, तर जेवताना हळूच खाली टाकल्या जाणाऱ्या तुकड्यामुळे. घरातील प्रत्येक माणसाची, विशेषतः आजी-आजोबांची, संमती घेतल्याशिवाय तो सुरू करू नये, हा सल्ला अनुभवी पशुवैद्य उगाच देत नाहीत.

वेदना हे दुसरे मोठे कारण, आणि तिची जागा अनेकदा चाटण्याच्या जागेवरून कळते. मूत्राशयाला सूज असलेले मांजर खालचे पोट चाटते. गुदग्रंथी भरलेल्या मांजराचा रोख शेपटीखाली असतो. सांधे झिजलेले मांजर त्या सांध्यावरची कातडी उघडी करते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरील 100 मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली, तेव्हा त्यांतील 90 मांजरांत सांधेझिजेच्या खुणा आढळल्या. मांजर लंगडत नाही, फक्त उंचावर उडी मारणे सोडते, आणि घरचे त्याला ‘आता म्हातारे झाले’ म्हणतात.

शेपटीला चावणाऱ्या मांजरांचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे, म्हणून पुस्तकात त्याला सर्वाधिक जागा दिली आहे. 1980 पासून पशुवैद्यकीय साहित्यात ‘अतिसंवेदन लक्षणसमूह’ या नावाने वर्णन केल्या जाणाऱ्या या अवस्थेत पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरते, बाहुल्या मोठ्या होतात, मांजर दचकून मागे वळते, शेपटीवर तुटून पडते आणि मग भूत लागल्यासारखे घरभर धावते. कातडीखाली स्नायूचा जो पातळ थर असतो त्याचे आकुंचन म्हणजे ही थरथर होय. निरोगी मांजराच्या पाठीवर माशी बसली तरी ती दिसते, त्यामुळे केवळ थरथरीवरून आजार ठरवू नये. हा लक्षणसमूह आहे, एक रोग नव्हे: त्वचेची अ‍ॅलर्जी, मणक्याचे दुखणे, मज्जातंतूंतून उठणारी वेदना, अपस्माराचा झटका आणि अनिवार वर्तन यांपैकी कोणतीही गोष्ट त्याच्या मुळाशी असू शकते. शेपटीला इजा करून घेणाऱ्या सात मांजरांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सहा मांजरांच्या लक्षणांत औषधांनी सुधारणा झाली, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या उपचारात गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषध होते. ज्यांना ‘वेडसर’ म्हटले गेले असते, अशी ही मांजरे होती. बर्मीज जातीच्या मांजरांत तोंडाच्या वेदनेमुळे स्वतःची जीभ आणि गाल पंजाने फाडण्यापर्यंत मजल जाते, आणि 2010 साली क्लेअर रसब्रिज व सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या 113 मांजरांपैकी 100 याच जातीची होती. दात येण्याचा काळ, दातांचे विकार आणि घरातील ताण यांनी ते झटके भडकत असल्याचे त्यांनी नमूद केले.

या शेवटच्या उदाहरणातून शरीर आणि मन यांच्यातील भिंत किती तकलादू आहे, हे दिसते. पिसवांमुळे सुरू झालेली खाज तणावाखाली वाढते, सततच्या खाजेने मांजर चिडचिडे होते, आणि मूळ कारण दूर झाल्यावरही चावण्याची कृती स्वतंत्रपणे टिकू शकते, कारण दरम्यान ती अस्वस्थता शमवण्याचा ठरलेला मार्ग बनलेली असते. म्हणून सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्यावर अनिवार वर्तनाचे निदान करणे म्हणजे हात टेकणे नव्हे. ते निदान खरे असते आणि त्याला नेमका उपचार असतो. सयामी, ओरिएंटल व त्यांच्या नात्यातील जातींत हा कल अधिक दिसतो, पण गावठी मांजरेही त्यातून सुटलेली नाहीत.

तो उपचार औषधाच्या बाटलीपासून नव्हे, तर घरापासून सुरू होतो. मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2013 मध्ये संयुक्तपणे मांडलेल्या मार्गदर्शक सूचनांत मांजराच्या पाच गरजा सांगितल्या आहेत: सुरक्षित जागा, अन्न, पाणी व शी-शूची पेटी यांची एकमेकांपासून दूर आणि पुरेशी ठिकाणे, शिकारीसारखा खेळ, माणसांचा सौम्य व ठरावीक सहवास, आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाचा मान राखणारे वातावरण. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे बाल्कनीला जाळी आहे, धुण्याचे यंत्र शीच्या पेटीला खेटून आहे आणि फरशी दिवसातून दोनदा उग्र वासाच्या फिनाइलने पुसली जाते, तिथे या पाचांपैकी तीन गरजा पैसा खर्च न करताही भागवता येतात: पेटी हलवावी, कपाटावरची जागा मोकळी करावी, दोरीला बांधलेले पीस रोज ठरलेल्या वेळी ओढावे आणि खेळाचा शेवट खाण्याने करावा. खिडकीच्या छज्ज्यावर येऊन बसणारा परका बोका हा घरातल्या माणसांना करमणुकीचा वाटतो. आतल्या मांजराला तो आपल्या हद्दीत घुसलेला शत्रू असतो, आणि खिडकीच्या खालच्या भागाला कागद लावल्याने काही मांजरांचे चाटणे कमी होते. दिवाळीचे फटाके, घरात आलेले बाळ, रंगकाम, बदललेली नोकरीची वेळ यांची नोंद रोजनिशीत ठेवली, तर चावण्याच्या झटक्यांशी त्यांचा मेळ दिसू लागतो. मोबाइलवर केलेले चित्रण त्याहून मोलाचे, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगडासारखे बसते आणि झटका कधीच दाखवत नाही. ओरडणे, नाकावर टिचकी मारणे, पाणी उडवणे हे उपाय तत्काळ सोडावेत. ते चावणे थांबवत नाहीत, फक्त मांजराला चावण्यासाठी पलंगाखाली पाठवतात.

औषधांबद्दल दोन टोकांची मते आढळतात आणि दोन्ही चुकीची आहेत. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे निवडक मांजरांना खरोखर उपयोगी पडतात. पण त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, ती अचानक बंद करता येत नाहीत, आणि पुरावाही एकमुखी नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत मानसजन्य केशलोपाच्या मांजरांवर क्लोमिप्रामिनचा परिणाम बनावट गोळीपेक्षा लक्षणीय ठरला नाही. हे अपयश औषधाचे, की त्या मांजरांत अ‍ॅलर्जीची मांजरे मिसळली होती याचे, ही शंका वर सांगितलेल्या 21 मांजरांच्या अभ्यासाच्या प्रकाशात रास्त वाटते. औषधाने भूक मेली तर दोन दिवसही वाट पाहू नये, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होऊ शकतो.

घरगुती उपायांविषयी पुस्तकाची भाषा कठोर आहे आणि ती तशीच हवी. जखमेवर हळद व खोबरेल लावल्यास मांजर ते चाटून काढते आणि चाटण्याला आणखी एक निमित्त मिळते, एवढे नुकसान त्यातल्या त्यात सौम्य होय. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी पर्मेथ्रिनयुक्त औषधे मांजरावर वापरल्यास झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो, आणि माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याला मारू शकते. मांजराच्या यकृतात ही द्रव्ये निष्प्रभ करण्याची यंत्रणा अपुरी असते. ‘थोडेसेच लावले’ हा खुलासा इथे कामाचा नाही.

गळ्यातील कॉलरलाही तिच्या मर्यादेतच पाहावे. ती जखमेला भरून येण्यास अवधी देते, कारण दूर करत नाही. ती काढताच मांजर चावू लागले तर दोष कॉलरचा नव्हे, अपुऱ्या तपासणीचा असतो. शेपटी कापण्याची शस्त्रक्रिया कधी कधी अटळ ठरते, पण वेदनेचा उगम मणक्याशी असेल तर उरलेल्या थोटकावरही हल्ले चालूच राहतात, म्हणून त्या निर्णयापूर्वी मज्जासंस्थेची तपासणी झालीच पाहिजे.

पुस्तक ज्या क्रमाने लिहिले आहे, त्याच क्रमाने वाचावे अशी अपेक्षा आहे. त्याला एक अपवाद आहे: ज्या वाचकाच्या मांजराच्या शेपटीतून आज रक्त येत आहे, त्याने हे पान इथेच मिटावे, मांजराला कॉलर बांधावी, झटक्याचे चित्रण असल्यास मोबाइलमध्ये सोबत ठेवावे आणि पशुवैद्याकडे जावे.